भिंतीवरचा शाहनामा : इराणच्या चित्रित काशीकामाच्या शोधात नऊ दिवस

निघण्याआधी

इराणात झिलई दिलेल्या भिंतीच्या फरशीला ‘काशी’ म्हणतात. हा शब्द तेहरान आणि इस्फहान यांच्या मधल्या काशान गावावरून आला. बाराव्या-तेराव्या शतकात उत्तम फरशी म्हणजे काशानची, असा लौकिक होता. फिर्दौसी या कवीने इराणच्या राजांचं आणि वीरांचं महाकाव्य, सुमारे ५० हजार बैतांचा (दोन ओळींच्या कडव्यांचा) शाहनामा, १०१० साली पुरा केला. त्यातले प्रसंग काशीवर उतरवण्याची रीत तेराव्या शतकापासून थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दिसते. ती बघायची तर एका गावात भागत नाही. तेहरान, सेमनान, करमानशाह, इस्फहान, शिराझ हा क्रम सोयीचा पडतो.

डोळ्यांना सवय घराजवळच लावता येते. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालच्या आझुलेजो (पोर्तुगीज धर्तीच्या रंगवलेल्या) फरश्या आहेत आणि त्यांवर कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या ‘ओस लुझिआदस’ या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. तंत्र वेगळं, परंपरा वेगळी, पण अडचण तीच : मोठं चित्र चौकोनांत कापायचं आणि भिंतीवर पुन्हा जुळवायचं. चेहऱ्यावरून सांधा जाऊ नये म्हणून चित्रकार काय करतो, ते तिथे नीट उभं राहून बघावं. मुंबईत डोंगरीची मुघल मशीद (१८६०) आहे. तिच्या निळ्या काशीवर माणसं नाहीत, वेली आणि अक्षरं आहेत. पण इराणी निळ्याची ओळख तिथे होते.

सामान थोडंच. आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण हवीच, कारण चांगले फलक बहुधा कमानीच्या वर असतात. कॅमेऱ्याला पोलरायझर लावावा. झिलईवरची चकाकी त्याने बरीच मरते. चौकडीची वही घ्यावी. भारतीय बँकेची कार्डं तिकडे चालत नाहीत, रोख पैसे न्यावे लागतात. किंमत बहुतेक ठिकाणी तोमानमध्ये सांगतात, नोटेवर रियाल असतात. १० रियाल म्हणजे १ तोमान. स्त्रियांना डोकं झाकण्याचा कायदा आहे. शुक्रवार सुट्टीचा. परराष्ट्र मंत्रालयाची त्या वेळची सूचना पाहूनच तिकीट काढावं.

आणखी एक तयारी म्हणजे साल वाचणं. जुन्या काशीवर चांद्र हिजरी साल असतं. ३३ने भागून येणारा आकडा सालातून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. १३०० घ्या : ३३ने भागून ३९, उरले १२६१, अधिक ६२२, म्हणजे १८८३. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालतो. फारसी लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पाच उलट्या धरलेल्या पिंपळपानासारखा. कारागिराची सही ‘अमल-ए’ या शब्दांनी सुरू होते : अमुकचं काम.

पहिला दिवस : तेहरान, राष्ट्रीय संग्रहालय

मोठ्या फलकांकडे धाव घेण्याआधी सर्वात जुन्या फरश्या बघाव्यात. त्या आल्या आहेत वायव्य इराणातल्या तख्त-ए-सुलेमानहून. इस्लामपूर्व सासानी काळातल्या आदुर गुश्नस्प अग्निमंदिराच्या अवशेषांवर मंगोल इलखान आबाका खानाने १२७०च्या दशकात उन्हाळी महाल बांधला आणि भिंतींना शाहनाम्यातल्या ओळी आणि चित्रं असलेली काशी लावली. परका राजा इराणच्या सिंहासनावर बसला आणि त्याने इराणच्या जुन्या राजांच्या गोष्टी घराच्या भिंतीवर घेतल्या. या प्रवासातली ही पहिली आणि बहुधा सगळ्यात महत्त्वाची नोंद. महालाच्या जागी भट्टी आणि साचेही सापडले, म्हणजे काही फरश्या तिथेच भाजल्या गेल्या. त्यांतल्या अनेक आता लंडन, न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या संग्रहालयांत आहेत. तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या इस्लामी काळाच्या इमारतीत आणि रेझा अब्बासी संग्रहालयात काही बघता येतात.

दोन प्रसंग ओळखून ठेवावेत. एक, बहराम गूर आणि आझादा : उंटावर राजा, मागे वीणेसारखं चंग वाजवणारी आझादा, समोर हरिण. आझादाने पैज लावली म्हणून राजाने आधी खडा मारून हरणाचा कान चाळवला आणि हरणाने तो खाजवायला पाय वर केला, तसा एकाच बाणात पाय आणि कान शिवून टाकला. दुसरा, फरीदून आणि झोहाक : फरीदून बैलावर, हातात गायीच्या तोंडाची गदा, आणि खांद्यांतून साप उगवलेला झोहाक बंदी. (पारशी शेजाऱ्यांमुळे यातली बरीच नावं आपल्या कानावरची आहेत. फ्रेडून म्हणजे हाच फरीदून, आणि फ्रामजी हे नाव रुस्तमचा मुलगा फरामर्झ याच्या नावावरून.)

आता फरशीची कड बघा. शेंदरी किंवा पिवळट मातीऐवजी ती पांढरी, साखरेसारखी दिसते. ही साधी माती नाही. काशानच्या कुंभारघराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली लिहून ठेवलेलं प्रमाण असं : १० भाग दळलेली गारगोटी, १ भाग काचेची पूड, १ भाग पांढरी चिकणमाती. म्हणजे १२ किलोच्या लगद्यात माती फक्त १ किलो. चिकटपणा कमी असल्याने हा लगदा चाकावर नीट उभा राहत नाही. म्हणून तो साच्यात दाबतात, आणि म्हणूनच तख्त-ए-सुलेमानच्या आकृती उठावदार आहेत. फायदा मात्र मोठा. अंग आणि झिलई दोन्ही गारगोटीचीच असल्याने ती एकमेकांना घट्ट धरतात. साध्या मातीवर क्षारयुक्त झिलई दिली तर निवताना दोन्ही वेगवेगळ्या मापाने आकसतात. मग जाळीसारख्या भेगा पडतात किंवा पापुद्रे सुटतात.

इथे दोन तंत्रं शेजारी दिसतात. सोनेरी-तपकिरी चमकीच्या फरशीत आधी पांढरी झिलई भाजून घेतात, वर चांदी-तांब्याच्या संयुगांनी रंगवतात आणि दुसऱ्या भट्टीत मंद धुरात ठेवतात. अबुल कासिम ७२ तास सांगतो. धूर हवेतला प्राणवायू खातो, धातूचा सूक्ष्म थर झिलईत उतरतो, आणि बाहेर काढून घासला की चमकतो. धूर कमी पडला तर चमक येत नाही, जास्त झाला तर काळं होतं. दुसरं तंत्र लाजवर्दी : गडद निळ्या किंवा फिरोजी झिलईवर लाल, पांढरा, काळा रंग आणि सोन्याचा वर्ख लावून कमी आचेवर पुन्हा भाजायचं. हे रंग झिलईच्या वरच बसतात, म्हणून पुसले जातात. वर्ख गेलेल्या ठिकाणी नुसता चिकटवणीचा मळकट डाग उरतो. तो नक्षीचा भाग समजू नये.

दुसरा दिवस : तेहरान, गुलिस्तान महाल

गुलिस्तानमध्ये प्रत्येक दालनाचं वेगळं तिकीट असतं. काशीसाठी आवाराचं तिकीट पुरतं, कारण बघायचं ते बागेच्या भोवतालच्या बाहेरच्या भिंतींवरच आहे. बरंचसं काम काजार घराण्यातल्या नासिरुद्दीन शाहाच्या कारकिर्दीतलं (१८४८ ते १८९६), ‘शम्सुल इमारत’ १८६७ची. तेराव्या शतकातून थेट इथे आलं की पहिल्यांदा रंगच खटकतात : पिवळा, गुलाबी, जांभळा. पिवळा इतका की निळा मागे सरतो. ज्यांनी इस्फहानच्या मशिदी आधी पाहिल्या त्यांना हे भडक वाटतं. आमच्या मते ही तक्रार अन्यायाची आहे. काजार काळातल्या चित्रकाराला लांबून, रस्त्यावरून, धुळीतून चित्र ओळखू यायला हवं होतं, आणि ते येतं.

विषयांची सरमिसळ आहे : सिंह-सूर्य, पहाऱ्यावरचे शिपाई, शिकार, युरोपी घरं आणि तळी. युरोपी देखावे छापील चित्रांवरून आले. आणि शाहनाम्याची चित्रंही पोथीतून थेट भिंतीवर आली नाहीत, छापील पानावरून आली. हस्तलिखित शाहनामा राजाच्या पेटीत बंद असे. काशी रंगवणाऱ्या उस्तादाला तो कोण दाखवणार? शिळाछापाने, म्हणजे दगडावरून छापण्याच्या तंत्राने, हे बदललं. सचित्र शिळाछाप शाहनामा १८४०च्या दशकात निघाला तो मुंबईत. तेहरानची सचित्र आवृत्ती १८५१च्या सुमारास पुरी झाली. काळ्या रेषांची, छायेऐवजी आडव्या-उभ्या रेघा मारलेली ही चित्रं कारागिराच्या हाती पडली. काजार फलकांतली जाड बाह्यरेषा, उथळ जागा आणि ठरलेल्या मुद्रा बघताना हे पान डोळ्यांसमोर ठेवावं.

महालातून निघून चालत बाग-ए-मेल्लीची कमान गाठता येते. ती १९२२ची. तिच्या काशीवर मशीनगन रंगवलेल्या आहेत. दहा मिनिटं पुरतात, पण चुकवू नये. वीरकथा सांगायची फरशी ताज्या लढाईकडे कशी वळली, ते इथे दिसतं.

तिसरा दिवस : सेमनान, अर्क दरवाजा

तेहरानच्या पूर्वेला सेमनान साधारण २२० किलोमीटर. मशहदच्या लोहमार्गावरच असल्याने आगगाडीने जाता येतं, बसही आहेत. एका दरवाज्यासाठी पूर्ण दिवस घालवावा का? घालवावा. नासिरुद्दीन शाहाच्या काळात तेहरानला नवा तट आणि काशीने मढवलेले दरवाजे होते. ते १९३०च्या दशकात पाडले गेले. तेव्हाचा दरवाजा जागेवर उभा राहून बघायचा तर सेमनानसारखं ठिकाण उरतं. इथला किल्ला गेला, दरवाजा राहिला, आणि त्याच्या उत्तरेच्या तोंडावर रुस्तम आणि पांढरा दीव यांची झुंज आहे.

हा प्रसंग इराणच्या दरवाज्यांवर आणि हमामांच्या तोंडावर पुन्हा पुन्हा येतो, म्हणून तो नीट शिकून घ्यावा. राजा कैकाऊस हट्टाने माझंदरानवर चालून गेला, तिथल्या पांढऱ्या दीवाने त्याला सैन्यासकट आंधळं करून कैद केलं. (दीव म्हणजे आपला ‘देव’ हाच शब्द, पण जरथुष्ट्री परंपरेत त्याचा अर्थ उलटला आणि तो राक्षस झाला.) सोडवायला रुस्तम निघाला. वाटेत सात टप्पे, ‘हफ्त खान’ : रख्श घोड्याने सिंह मारला, तहानलेल्या रुस्तमला मेंढ्याने झरा दाखवला, मग अजगर, मग चेटकीण, मग औलाद नावाच्या सरदाराला पकडून वाटाड्या केलं, मग अर्झंग दीव, आणि सातवा हा. गुहेत शिरून त्याने दीवाचा पाय तोडला, काळीज काढलं, आणि त्याचं रक्त डोळ्यांत घातल्यावर राजाला दिसू लागलं.

फलकात शोधायच्या खुणा अशा. रुस्तमच्या डोक्यावर बिबट्याच्या मुंडक्याचं शिरस्त्राण असतं, अंगावर वाघाच्या कातड्याचा चट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा, आणि काजार काळात दुभंगलेली लांब दाढी. तो बहुधा दीवाच्या छातीवर बसलेला किंवा गुडघा रोवलेला, हातात खंजीर. दीवाला शिंगं असतात, अंगावर ठिपके, हातापायांत कडी. त्याचा एक पाय तुटून बाजूला पडलेला असला तर चित्रकाराने कथा नीट ऐकली आहे असं समजावं. कडेला झाडाला बांधलेला माणूस असेल तर तो औलाद. तोही असेल तर चित्र कथेशी पक्कं बांधलेलं. नसेल तर ते नुसतं ‘बलवान माणूस राक्षस मारतो’ या चिन्हापुरतं आखडलं आहे. दरवाज्यावर हेच चित्र का, हे वेगळं सांगायला नको. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत असतं.

दुसऱ्या कथा दिसल्या तर : मांडीवर तरणा वीर मरतोय आणि म्हातारा आपले कपडे फाडतोय, तो सोहराब. पांढऱ्या वस्त्रांत, काळ्या घोड्यावर आगीतून जाणारा सियावश. दोन टोकांचा बाण डोळ्यांत गेलेला इस्फंदियार. तो बाण झाऊच्या लाकडाचा, सीमुर्ग पक्ष्याने सांगितलेला.

फलकाचं तोंड उत्तरेला असल्याने थेट ऊन क्वचितच पडतं, त्यामुळे दिवसभर सारखा उजेड मिळतो. आधी चौकडीच्या वहीत फलक उतरवावा : आडव्या फरश्या किती, उभ्या किती. मग सांध्यांवरून बघत जावं. रेष एका फरशीवरून दुसरीवर जाताना दोन-तीन मिलिमीटर सरकली असेल तर ती भाजताना आकसल्याची खूण. तो दोष नव्हे, हातकामाचा पुरावा आहे. पण रेष अर्ध्यातच थांबून शेजारच्या फरशीवर भलतंच काही सुरू झालं असेल तर फरशी बदललेली आहे किंवा जागा चुकली आहे. रंगाची छटा एकाच फरशीपुरती बदलली असेल तर तेच.

चौथा दिवस : करमानशाहकडे

तेहरानपासून रस्त्याने ५००हून अधिक किलोमीटर, बसला पूर्ण दिवस जातो, विमानाने तासभर. डोंगरातला रस्ता चांगला आहे. या दिवशी एवढंच.

पाचवा दिवस : करमानशाह, तकिया मुआविन-उल-मुल्क

साऱ्या प्रवासात एकच जागा बघायला मिळणार असेल तर ही बघावी. तकिया म्हणजे मोहरममध्ये इमाम हुसेन यांच्या शोकाचे विधी आणि ताझिये (करबलाच्या कथेचे नाट्यप्रयोग) होण्याची जागा. इथे तीन भाग आहेत : हुसैनिया, झैनबिया, अब्बासिया. रस्त्यावरून पायऱ्या उतरून आत जावं लागतं. काजार काळाच्या शेवटी, संविधानाच्या चळवळीच्या धामधुमीत वास्तूचं नुकसान झालं आणि ती पुन्हा उभारली गेली. त्यामुळे काशीचा मोठा भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांचा आहे.

बघण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. हुसैनियात करबलाची लढाई आहे. झैनबिया घुमटाखाली आहे. तिथे करबलानंतर बंदिवान स्त्रिया आणि हुसेन यांचा शत्रू खलिफा यझीद याचा दरबार. अब्बासियाच्या अंगणात मात्र शाहनाम्यातले आणि इतिहासातले राजे रांगेने येतात, तख्त-ए-जमशेदच्या (पर्सेपोलिसच्या) शिल्पांवरून घेतलेल्या आकृतीही येतात. शोकाच्या जागेत जुने, इस्लामपूर्व राजे कसे आले? उत्तर सांगणाऱ्या माणसात आहे. चहाखान्यात रुस्तम-सोहराब ऐकवणारा नक्काल आणि कापडाच्या मोठ्या पडद्यावर बोट ठेवून करबला सांगणारा परदेखान, दोघेही एकाच श्रोत्यांसमोर उभे राहत. सोहराब बापाच्या हातून मरतो, सियावश निष्पाप असून मारला जातो. ऐकणाऱ्याच्या मनात हे दुःख आणि करबलाचं दुःख शेजारी शेजारी बसलेलं होतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. तिथे चित्र हातात धरून पोथी बदलत जाते, इथे चित्र भिंतीत पक्कं आणि सांगणारा हिंडता.

राजांच्या रांगेत बारकाईने बघा. मुद्रा एकसारख्या, तीन-चतुर्थांश वळलेल्या, मुकुट मात्र प्रत्येकाचा वेगळा. नाण्यांवरून आणि शिल्पांवरून काढलेली राजांची छापील चित्रं तेहरानमध्ये १८६८पासून मिळू लागली होती, आणि अशा रांगांना नमुने तिथून मिळाले. मुकुट नाण्यासारखा, चेहरा काजार सरदाराचा असा मेळ म्हणून दिसतो.

तांत्रिक बाजूनेही ही जागा श्रीमंत आहे. सपाट सप्तरंगी काशी (एकाच फरशीवर सगळे रंग) आणि साच्यातली उठावदार काशी दोन्ही आहेत. उठावाची फरशी बोटभर लांबून कडेने बघावी (हात लावू नये) : उंचवट्यावर झिलई पातळ आणि रंग फिका, खळग्यात झिलई साचून रंग गडद. भट्टीत झिलई वाहते तेव्हा ती खाली उतरते, म्हणून छाया आपोआप तयार होते. कसबी माणूस हे गृहीत धरूनच साचा कोरतो. कोबाल्टचा निळा कडेला पसरलेला दिसेल. क्षारयुक्त झिलईत कोबाल्ट धावतो, म्हणून निळ्या कपड्याची कड पुसट आणि काळी रेष ठाम दिसते.

नुकसान बहुतेक खालच्या रांगांत शोधावं. वास्तू रस्त्याच्या पातळीखाली असली की जमिनीतली ओल भिंतीतून चढते. पाण्याबरोबर क्षार येतात, फरशीच्या मागे सुकून स्फटिक होतात, फुगतात आणि झिलईला पुढे ढकलतात. आधी पांढरी भुकटी, मग झिलईत फोड, मग टवका. त्यातून इराणात फरशी पारंपरिक रीतीने जिप्समच्या गाऱ्यात बसवतात. ते चटकन आवळतं, पण ओलीत विरघळतं. वरून सिमेंट मारून डागडुजी केली तर ओल अडकते आणि शेजारच्या चांगल्या फरशा फुटू लागतात. घरच्या न्हाणीघरात हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कारण लगेच कळेल.

मोहरमचे दिवस असतील तर भिंतींवर काळं कापड असू शकतं. तेव्हा वेळापत्रक आधी विचारावं, आणि विधी चालू असताना कॅमेरा पिशवीत ठेवावा.

सहावा दिवस : बिसुतून

करमानशाहपासून सुमारे ३० किलोमीटर. काशी इथे नाही, पण काशीवरच्या एका चित्राची जागा आहे. दारयवहू (दरायस) या प्राचीन इराणी सम्राटाचा शिलालेख याच कड्यावर आहे. त्याच डोंगराचा एक प्रचंड भाग गुळगुळीत तासून तसाच सोडलेला आहे. लोक त्याला ‘फरहाद तराश’ म्हणतात : शिरीनच्या प्रेमात पडलेल्या फरहादने तासलेला. निझामी या फारसी कवीच्या काव्यातला हा प्रसंग. फरशीवर टिकाव घेतलेला एकटा माणूस आणि समोर कडा दिसला की तो फरहाद. तळ्यात न्हाणारी स्त्री आणि तोंडात बोट घातलेला घोडेस्वार दिसला की ती शिरीन आणि तो तिचा प्रियकर खुसरो. तोंडात बोट म्हणजे आश्चर्य. संध्याकाळी इस्फहानची रात्रीची बस.

सातवा दिवस : इस्फहान

इस्फहानात शाहनामा कमी, पण तंत्र समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. नक्श-ए-जहान चौकातच दोन टोकं आहेत. शेख लुत्फुल्ला मशिदीत (१६१९) ‘मुअर्रक’ काम बघा : प्रत्येक रंगाची वेगळी फरशी भाजायची, तुकडे आकाराप्रमाणे तासायचे, जुळवायचे. रंग खोल, पण वेळ अफाट लागतो. शाही मशिदीला (काम १६११पासून) घाई होती; तिथे ‘हफ्त रंगी’, सप्तरंगी काशी वापरली. एकाच फरशीवर सगळे रंग, एकाच भाजणीत. चित्रकथेला हेच तंत्र सोयीचं, कारण चेहरा तुकड्यांत कापून जमत नाही. कैसरिया बाजाराच्या कमानीवर धनुर्धारी दिसेल, वरून माणूस, खालून वाघ, शेपटीला साप : ही इस्फहानची धनुरास. हश्त बिहिश्त महालाच्या (१६६९) कमानींच्या कोपऱ्यांत पशुपक्षी आणि शिकार आहे.

बाजाराच्या आसपास आजही सप्तरंगी काशीचे कारखाने चालतात, परवानगी विचारून उभं राहता येतं. कामाची रीत अशी :

पांढरी झिलई भाजलेल्या चौकोनी फरश्या, आजकाल बहुधा १५ किंवा २० सेंटिमीटरच्या, जमिनीवर चित्राच्या पूर्ण मापात मांडतात. मागच्या बाजूला प्रत्येकीला क्रमांक. हा क्रमांक विसरला तर भट्टीतून निघालेल्या २०० फरश्या पत्त्यांच्या विखुरलेल्या डावासारख्या होतात, आणि निळ्या आकाशाच्या फरश्या तर कोणालाच लावता येत नाहीत. मग कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढून रेषांवर सुईने भोकं पाडतात. कशिद्याचा खाका ज्यांनी वापरला असेल त्यांना हे नवं नाही. आपण निळीचा बोळा फिरवतो, तिथे कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. कागद उलटा ठेवला की चित्र आरशासारखं फिरतं. एकाच प्रसंगात कुठे रुस्तम डावीकडे, कुठे उजवीकडे, याचं एक साधं कारण हे.

ठिपक्यांवरून मँगनीजची काळी पूड तेलकट द्रवात कालवून बारीक ब्रशने रेष ओढतात. सारं तंत्र या रेषेवर उभं आहे. आत भरायचे रंग म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगीत झिलया. तेल त्यांना अडवतं, म्हणून वितळण्याआधी त्या एकमेकींत मिसळत नाहीत. भट्टीत तेल जळून जातं आणि मँगनीजची काळी, निस्तेज रेष उरते. रंग थेंबाथेंबाने सोडतात, पसरवत नाहीत. थर पातळ पडला तर खालचं पांढरं दिसतं, जाड झाला तर वाहून रेष ओलांडतो. फिरोजी तांब्याचा, निळा कोबाल्टचा, जांभळा मँगनीजचा. तांब्याचा फिरोजी क्षारयुक्त झिलईतच येतो. शिसं जास्त झालं की तोच हिरवा होतो. सगळे रंग एकाच आचेला वितळले पाहिजेत, ही या तंत्राची मोठी मर्यादा. आच हजार अंशांच्या आसपास. कमी पडली तर पृष्ठ खरखरीत राहतं आणि धूळ धरतं. जास्त झाली तर रेष विरते आणि रुस्तमचा डोळा गालावर ओघळतो. म्हणून चेहऱ्याच्या फरश्या भट्टीत जिथे आच सारखी लागते तिथेच ठेवाव्या लागतात.

मुअर्रक आणि सप्तरंगी यांत एक फरक खालूनही कळतो. दुर्बिणीतून दोन रंगांच्या मध्ये बघा : बारीक काळी निस्तेज रेष असेल तर सप्तरंगी, गाऱ्याची भेग असेल तर मुअर्रक.

आठवा दिवस : शिराझला, आणि गुलाबी रंग

इस्फहान ते शिराझ साधारण ४८० किलोमीटर. पहाटे निघालं तर दुपारी नासिर-उल-मुल्क मशीद बघून होते (१८८८मध्ये पुरी झाली). गुलाबी झिलई इथे सर्वांत मोकळेपणाने वापरलेली आहे, कथा नाही. नारेंजिस्तान कवाम या वाड्यात तख्त-ए-जमशेदच्या शिपायांच्या आकृती दगडात पुन्हा कोरलेल्या आहेत. त्या अवशेषांची फुर्सत शिराझी यांनी काढलेली रेखाटनं १८९६मध्ये छापली गेली तीही मुंबईतच.

नववा दिवस : शिराझ, करीमखानाचा किल्ला आणि बाग-ए-इरम

करीमखान झंदने १७६६-६७मध्ये हा किल्ला बांधला. चार कोपऱ्यांना १४ मीटर उंचीचे बुरूज. त्यांतला एक आतल्या हमामाच्या पाण्याने पाया खचून कललेला आहे. दारावरच्या फलकात रुस्तम आणि पांढरा दीव. हा झंद काळातला नाही, काजार काळात वर बसवलेला. आजूबाजूला मातकट विटांची साधी नक्षी आणि मध्येच हा रंगीत तुकडा. बांधणाऱ्याच्या मनात तो नव्हता, हे बघताक्षणी कळतं. नंतरच्या सत्तेने जुन्या दारावर आपला पहारेकरी उभा केला. सेमनानच्या फलकाचं चौकडीचं पान उघडून दोन्ही शेजारी ठेवावीत : रुस्तमचा हात, दीवाचा पाय, रख्श आहे की नाही, औलाद आहे की नाही. कोणत्या चित्रकाराने कथा कुठे कापली ते पाच मिनिटांत कळतं.

फुटक्या फरश्या भरण्याच्या दोन रीती या प्रवासात दिसत राहतात. एक, हरवलेल्या जागी साधा, जवळच्या छटेचा गारा भरून रेष पुढे न नेणं. दुसरी, नवी फरशी रंगवून चित्र पुरं करणं. दरवाज्यावर, जिथे लोक रोज वरती बघतात, दुसरी रीत लोकांना आवडते. आमचं मत पहिलीच्या बाजूने आहे, निदान चेहऱ्यांपुरतं तरी. नवा चेहरा कितीही चांगला असला तरी तो आजच्या हाताचा असतो, आणि वीस वर्षांनी जुना कोणता ते सांगता येत नाही.

दुपार बाग-ए-इरमला द्यावी. महालाच्या माथ्यावरच्या कमानदार काशीत शाहनामा आणि निझामीचे प्रसंग एकत्र आहेत. पायऱ्यांजवळून मान वर केली तर आकृती आखूड दिसतात. समोरच्या तळ्याच्या पलीकडे जाऊन दुर्बीण लावावी. अर्धगोल चौकट असल्याने कडेच्या फरश्या तिरक्या कापलेल्या आहेत, तिथले घोडे आणि माणसं कमानीच्या रेषेप्रमाणे वाकलेली असतात. आधी मधला घोडेस्वार पकडावा, मग दोन्ही बाजूंना सांध्यांवरून सरकत जावं. ऊन समोरून आलं की झिलई आरशासारखी होते. पोलरायझर फिरवूनही काही दिसत नसेल तर ढग येईपर्यंत सावलीत बसून राहावं.